होळकरांचे तीन पक्षी: नजर की नुसता पैसा?

सराफ्यातला_भटक्या | रविवार, रात्री ९:४०

मंडळी, मी मूळचा इंदूरचा, आता नाशिककर. शाळेत असताना रोज सायकलने होळकरांच्या माणिकबाग राजवाड्यावरून जायचो. घरात यशवंतराव होळकर महाराजांच्या (दुसरे यशवंतराव, १९२६ ला गादीवर आलेले) गोष्टींना तोटा नव्हता. गाड्या, शिकारी, विलायतेच्या वाऱ्या, सगळं ऐकलं. पण त्यांनी तीन पक्षी घेतले होते हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं, आणि ते बघायला मिळाले थेट ऑस्ट्रेलियात.

मुलगी कॅनबेराला असते. तिथल्या नॅशनल गॅलरीत एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवराचा असे दोन पक्षी आहेत. शिल्पकार कॉन्स्टान्टिन ब्रांकुशी, मूळचा रुमानियाचा, आयुष्य काढलं पॅरिसला. शिल्पाचं नाव 'बर्ड इन स्पेस'. नावात पक्षी आहे म्हणून पक्षी म्हणायचं, एरवी ना पंख, ना चोच, ना डोळा. खाली पायाशी थोडा फुगवटा, मग एकदम बारीक गळा, तिथून पोटात हळूहळू भरत वर जाणारी लांब कळी, आणि शेंड्याला एक तिरका काप. केळफुलाची आतली मिटलेली पाकळी आठवा. बस्स, एवढंच. मी त्यांच्यापुढे पाऊण तास बसलो. बायको दोनदा कॅफेत जाऊन आली.

तिसरा पक्षी ब्राँझचा, तो अमेरिकेत. तिन्ही १९३० च्या दशकात महाराजांनी ब्रांकुशीकडून घेतले. मध्यस्थ होता आंरी-पिएर रोशे नावाचा फ्रेंच गृहस्थ. हे तीन पक्षी ठेवायला इंदूरला एक छोटं ध्यानमंदिर बांधायचं, ब्रांकुशीनेच ते रचायचं, असं ठरलं होतं. त्यासाठी तो डिसेंबर १९३७ मध्ये हिंदुस्थानात आलासुद्धा. मंदिर झालं नाही.

आता प्रश्न. माझे एक मित्र म्हणतात, "राजेलोकांना कसली आलीय दृष्टी? पॅरिसात जे चालतं ते उचलायचं." मला हे पटत नाही. मिरवायला घेणारा माणूस तीन वेगवेगळ्या वस्तू घेईल. यांनी एकच पक्षी तीनदा घेतला. तुम्हाला काय वाटतं?

अर्धा_कप | रविवार, रात्री ९:५२

पहिला नंबर! गुगलून फोटो पाहिला. आमच्या आजीचं मुसळ. फक्त आजीचं जास्त वापरलेलं होतं. (दिवे घ्या.)

कोर्टाची_पायरी | रविवार, रात्री १०:३०

अर्धा_कप, तुमचं मत अमेरिकेच्या कस्टम्सशी तंतोतंत जुळतंय.

१९२६ ची गोष्ट. एडवर्ड स्टाइकन या प्रसिद्ध छायाचित्रकाराने याच मालिकेतला एक ब्राँझ पक्षी विकत घेतला होता. प्रदर्शनासाठी ब्रांकुशीची बरीच कामं बोटीने न्यूयॉर्कला आली, सोबत त्याचा कलावंत मित्र मार्सेल द्युशां. तिथल्या नियमाप्रमाणे कलाकृतीवर जकात नाही. अधिकाऱ्यांनी पेटी उघडली, पक्षी पाहिला आणि म्हणाले, ही कला कुठली, हा धातूचा माल. 'स्वयंपाकाची भांडी आणि इस्पितळाचं साहित्य' या वर्गात टाकून ४० टक्के जकात लावली!

ब्रांकुशी कोर्टात गेला. अडचण अशी की १९१६ च्या एका निकालात म्हटलं होतं, शिल्प म्हणजे निसर्गातल्या वस्तूची हुबेहूब नक्कल हवी. म्हणजे आधी हा पक्ष्यासारखा दिसतो का ते ठरवा. न्यायमूर्तींनी स्टाइकनना विचारलं, तुम्ही याला पक्षी का म्हणता? ते म्हणाले, दिसत नाही तसा, पण मला तो पक्षी वाटतो. मग जंगलात दिसला असता तर तुम्ही यावर गोळी झाडली असती का? "नाही."

तरीही नोव्हेंबर १९२८ मध्ये निकाल ब्रांकुशीच्या बाजूने लागला. कोर्टाने मान्य केलं की वस्तूची नक्कल न करता अमूर्त कल्पना मांडणारी नवी कला आता आलेली आहे. आम्हाला ती आवडो न आवडो, तिची दखल घ्यावी लागेल. कायद्याच्या भाषेत इतकं सुंदर क्वचित काही वाचायला मिळतं.

अर्धा_कप | रविवार, रात्री १०:३४

म्हणजे मुसळ म्हणणारा मी पहिला नाही तर. मान खाली घालून जकात भरतो.

काळी_माती | सोमवार, सकाळी ७:१५

सकाळी सकाळी विरजण घालतोय, माफ करा. १९३० चं दशक म्हणजे जागतिक मंदी. शेतमालाचे भाव कोसळले होते, कुळांचं सारा भरताना कंबरडं मोडत होतं. त्याच काळात संस्थानचा धनी पॅरिसमधून दगडाचे पक्षी मागवतोय. आणि आपण चर्चा करतोय त्याच्या 'नजरे'ची. माळव्यातल्या कापूस पिकवणाऱ्याची नजर कुणी विचारली होती का? शिल्प चांगलं असेल, मला त्यातलं कळत नाही. पण तो पैसा रयतेचा होता हे धाग्यात कुठेतरी नोंदलेलं असू दे.

इंदुरी_शेव | सोमवार, सकाळी ७:४०

भिया, राजे लोक तर राजेच राहणार. यांचे वडील तुकोजीराव बावला खून प्रकरणानंतर गादी सोडून गेले होते, ते प्रकरण माहितीये का? मलबार हिलवर भर रस्त्यात…

सराफ्यातला_भटक्या | सोमवार, सकाळी ८:०५

इंदुरी_शेव, हात जोडतो, बावला प्रकरणासाठी वेगळा धागा काढा. एकदा इथे मुमताज बेगम (त्या प्रकरणातली नर्तकी) आली की पक्षी उडाले म्हणून समजा.

काळी_माती, तुमचं म्हणणं मान्य. नोंदलं. पण पैसा रयतेचा होता यावरून खरेदी अन्यायाची ठरते, आंधळी ठरत नाही. हिरे घेणारे, हत्ती पोसणारे राजे कमी होते का? त्यांच्यातला एक विशीतला तरुण ब्रांकुशीपाशी थांबतो, त्याचं काही वेगळं कारण असेल की नाही?

तांबट_आळीचा_नातू | सोमवार, दुपारी १:२०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. मला अमूर्त-बिमूर्त कळत नाही, धातू कळतो. आजोबा पुण्याच्या तांबट आळीत बंब आणि घंगाळी करायचे. लहानपणी हातोडीच्या ठोक्यांवरच झोप लागायची.

आमच्याकडे पत्रा ठोकून भांडं घडवतात आणि मग त्यावर मठारकाम करतात. ते बारीक चकाकणारे ठोके दिसायला सुंदर, पत्र्याला बळकटी आणतात, आणि आतली गोष्ट सांगतो, बारीकसारीक दोष त्यात लपून जातात. हा पक्षी तसा नाही. हे ओतीव काम आहे. साच्यातून निघालेलं ब्राँझ खडबडीत, भोकाभोकांचं असतं. ब्रांकुशी ते कानशीने, मग पॉलिशच्या कागदाने हाताने घासत बसायचा, आरसा होईपर्यंत. आरशासारख्या पृष्ठभागावर केसाएवढी खोक असली तरी त्यातलं प्रतिबिंब वाकडं होऊन बोंब मारतं. लपायला जागाच नाही. शिवाय सरळ नळी घासणं निराळं आणि सतत बदलत जाणारी गोलाई घासणं निराळं. जरा जास्त दाब पडला की रेषा गेली.

आजोबांच्या भाषेत सांगायचं तर, ठोका दिसला की कारागीर दिसतो. याने स्वतःला पूर्ण पुसून टाकलंय. म्हणूनच कस्टम्सवाल्यांना ते कारखान्यातलं वाटलं असणार.

कोर्टाची_पायरी | सोमवार, दुपारी २:१०

नातू, क्या बात! खटल्यात नेमकं हेच आलं होतं. सरकारी वकिलाने विचारलं, एखादा चांगला मेकॅनिक पितळी नळी घासून असं काही करू शकणार नाही का? साक्षीला शिल्पकार जेकब एपस्टाइन होते. त्यांच्या उत्तराचा आशय: घासून चमकवू शकेल, पण मुळात ही वस्तू त्याला सुचणार नाही, सगळा मुद्दा तोच.

तांबट_आळीचा_नातू | सोमवार, दुपारी २:२५

एपस्टाइनसाहेबांना एक दिवस कानस धरायला द्यायला हवी होती. 'घासून चमकवू शकेल' म्हणे! :)

ओल्या_मातीचा | सोमवार, संध्याकाळी ६:४५

जेजेला शिल्पकला शिकलो, पुढे जाहिरातीत गेलो, त्यामुळे अर्धवट अधिकाराने लिहितोय.

ब्रांकुशी १९०७ मध्ये रोदँ या बड्या फ्रेंच शिल्पकाराच्या स्टुडिओत लागला आणि थोड्याच दिवसांत बाहेर पडला. मोठ्या झाडाखाली काही उगवत नाही, असं म्हणाल्याचं सांगतात. (वडाखाली गवतही उगवत नाही हे आपल्याला कोणी सांगायला नको.) रोदँची पद्धत म्हणजे मातीत घडवायचं, मग मदतनीस ते संगमरवरात उतरवणार. ब्रांकुशीने थेट दगडातच कोरायला सुरुवात केली. थेट कोरताना दगड तुमच्याशी भांडतो, आणि त्या भांडणात अनावश्यक ते गळून पडतं.

पक्ष्याचा प्रवास बघा. १९१० च्या सुमारास त्याने 'मायास्त्रा' केला, रुमानियाच्या लोककथांतला जादूचा पक्षी. त्याला चक्क छाती, मान, उघडी चोच आहे. मग एकेका वर्षाने मान ताणली जाते, पाय पायथ्यात विरघळतात, चोचीचा होतो नुसता तिरका काप. १९२३ पासून 'बर्ड इन स्पेस', पुढे जवळजवळ दोन दशकं तोच एक आकार. सगळे मिळून संगमरवरी ७ आणि ब्राँझचे ९ धरतात.

संगमरवरी पक्ष्याकडे मी शिल्पकार म्हणून भीतीने बघतो. सगळ्यात बारीक भाग खाली, भार सगळा वर. दगडाला वाकणं सोसत नाही. तो गळा कोरताना छिन्नीचा एक चुकीचा घाव आणि काही महिन्यांचं काम जमिनीवर. त्या बारीक गळ्यामुळेच तो जमीन सोडतोय असं वाटतं, आणि त्याच गळ्यापाशी तो मोडू शकतो.

एक तक्रार भटक्यांकडे. पाऊण तास बसलात, पण बैठकीबद्दल एक अक्षर नाही? ब्रांकुशीला खालचे दगडही शिल्पाइतकेच महत्त्वाचे होते.

सराफ्यातला_भटक्या | सोमवार, रात्री ९:००

गुन्हा कबूल. खालचे दगड वालुकाश्माचे, खरखरीत, कोनाकोनांचे. त्यांच्यावर तो गुळगुळीत संगमरवर. मी तेव्हा बैठक म्हणून सोडूनच दिली होती. आता परत जावं लागणार, बायकोला काय सांगू ते तुम्हीच सुचवा.

निशिगंध_कॅलिफोर्निया | मंगळवार, पहाटे ४:५०

इथे दुपार आहे. तिसऱ्या पक्ष्याची हकीकत मी सांगते. तो पॅसाडेनाच्या नॉर्टन सायमन म्युझियममध्ये आहे, १९३१ चा. आम्ही लॉस एंजेलिसला आलो त्या वर्षी कुणीतरी पाहुणे आले म्हणून तिथे गेलो होतो. पाटीवर शेवटच्या ओळींत 'इंदूर' वाचलं आणि दचकले. माझं आजोळ देवासचं. घरापासून इतक्या लांब, अनोळखी शहरात, पाटीवर आपल्या शेजारचं गाव!

नातूंनी आरशाचं लिहिलंय ते अगदी खरं. त्याच्याजवळ गेलं की आपण त्यात दिसतो, पण ताणलेले, दोऱ्यासारखे. जरा हललं की आपलं प्रतिबिंब सर्रकन वर जातं. माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. तो त्याच्यासमोर उठाबशा काढत होता आणि "आई, मी उडतोय" म्हणत होता. रखवालदार हसत होता. मला जे कळलं ते तेवढंच. स्थिर उभी वस्तू, पण हालचाल बघणाऱ्याची घेते.

पंचगंगा_काठ | मंगळवार, सकाळी ९:१०

संयोगिताराजेंचं नाव कोणीच घेईना म्हणून कोल्हापूरकराला यावं लागलं. यशवंतरावांच्या महाराणी, कागलच्या घाटग्यांच्या लेक. म्हणजे ज्या घाटगे घराण्यातून शाहू महाराज कोल्हापुरात दत्तक आले, त्याच कागलच्या. मॅन रे या पॅरिसच्या नामांकित छायाचित्रकाराने या नवराबायकोचे फोटो काढलेत, बघा जरूर. राजेरजवाड्यांच्या फोटोंत असा मोकळेपणा मी दुसरीकडं बघितला नाही, दोघं नुसती हसत्यात.

जुलै १९३७ मध्ये त्या गेल्या, परदेशात, पंचविशीच्या आत. ब्रांकुशी इंदूरला पोचला त्याच वर्षाच्या शेवटाला. मंदिर का झालं नाही याची कारणं लोक हजार सांगतील, पण माझ्या मनात हेच येतंय. ज्या घरात सहा महिन्यांपूर्वी तरणी बाई गेलीय, त्या घरात पाहुणा आराखडे घेऊन बसलाय.

सराफ्यातला_भटक्या | मंगळवार, सकाळी ९:३०

पंचगंगा_काठ, हे मी लिहायला हवं होतं. धन्यवाद.

मंदिराच्या ज्या कल्पना नोंदल्या गेल्यात त्या अशा: मधे पाणी, भोवती तीन पक्षी, आत जायला जमिनीखालून वाट, आणि वरून येणारं ऊन ठरावीक वेळी ब्राँझच्या पक्ष्यावर पडणार. 'किंग ऑफ किंग्ज' नावाचं त्याचं ओकच्या लाकडातलं उंच शिल्पही या मंदिरासाठीच म्हणतात, ते आता न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियममध्ये. जानेवारी १९३८ मध्ये ब्रांकुशी इंदूरहून परतला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रुमानियात तिर्गू झ्यू इथं त्याचा अनंत स्तंभ उभा राहिला, सुमारे २९ मीटर उंच. इकडे राहिलं ते तिकडे झालं, असं मी मनाची समजूत घालतो.

रेवाकाठची | मंगळवार, सकाळी ११:१५

एक सांगू का? ऊन ठरावीक वेळी पडणं, पाणी, काळोखी वाट, हे सगळं वाचून मला कोल्हापूरचा किरणोत्सव आठवला. आणि आकार बघून नर्मदेतलं बाणलिंग. इंदूरहून नर्मदा किती लांब? महेश्वर तर होळकरांचंच. नदीने घासून घासून गुळगुळीत केलेला लंबगोल दगड आपण देव म्हणून घरात पुजतो, त्याला नाक-डोळे कुठे असतात? अमूर्त शिल्प आपल्याला नवीन नाही, देवघरात आहे.

ओल्या_मातीचा | मंगळवार, सकाळी ११:४०

रेवाकाठची, उपमा छान, पण सावधान. बाणलिंगाला पूजा आहे, अर्थ आधी ठरलेला आहे. आपण दगडापुढे बसतो ते शंकर म्हणून. ब्रांकुशीचा पक्षी असं काहीच सांगत नाही. 'हे सगळं आमच्याकडे होतंच' म्हटलं की बघणं थांबतं. बाकी तो मिलारेपा या तिबेटी साधूचं चरित्र आवडीने वाचायचा, तेव्हा पूर्वेचा ओढा होता हे खरं.

रेवाकाठची | मंगळवार, सकाळी ११:५५

मी 'आमच्याकडे होतंच' म्हटलं नाही. आम्हाला बघायची सवय होती, एवढंच म्हटलं. महाराज लहानपणापासून शाळिग्राम, बाणलिंगं बघत वाढले असणार. पॅरिसच्या बाकी गिऱ्हाइकांना जे समजून घ्यावं लागलं, ते यांच्या ओळखीचं नसेल कशावरून?

ओल्या_मातीचा | मंगळवार, दुपारी १२:१०

हम्म. असं मांडलंत तर माझ्याकडे उत्तर नाही.

चलन_पावती | मंगळवार, दुपारी ३:३०

इंदूरचा सीए. दोन दिवस शांतपणे वाचतोय आणि वाट बघतोय की कुणी बोलेल, पण कुणीच बोलत नाहीये. माणिकबाग पॅलेसमध्ये आज काय आहे माहितीये का? सेंट्रल एक्साइज आणि कस्टम्सचं कार्यालय. म्हणजे आता जीएसटी. कामानिमित्त मी तिथे जात असतो.

अर्धा_कप | मंगळवार, दुपारी ३:३२

काय सांगता!! ज्या पक्ष्याला कस्टम्सने भांडं म्हटलं, त्याच्या घरात कस्टम्सच राहायला आलं?

कोर्टाची_पायरी | मंगळवार, दुपारी ३:४०

याला म्हणतात अपील फेटाळणं.

चलन_पावती | मंगळवार, दुपारी ३:५५

वाडा बाहेरून अगदी साधा आहे. राजवाडा म्हणून कमानी, घुमट शोधायला गेलात तर निराशा होईल. एकार्ट मुथेसियस नावाच्या जर्मन तरुणाने १९३० च्या सुरुवातीला बांधला, तेव्हा त्याचीही तिशी उलटलेली नव्हती. आत एकेकाळी आयलीन ग्रेची खुर्ची, रूलमानचं टेबल (दोघं पॅरिसचे नावाजलेले फर्निचर डिझायनर), काचेचे आणि धातूचे पलंग असं सामान होतं. १९८० मध्ये मोनॅकोला लिलाव झाला आणि सगळं जगभर पांगलं. २०१९ मध्ये पॅरिसला त्यातलं बरंच पुन्हा एका प्रदर्शनात मांडलं होतं.

काळी_माती | मंगळवार, संध्याकाळी ७:००

बघा, शेवटी गेलं ते सगळं बाहेरच. रयतेच्या पैशाने घेतलं, रयतेला कधी दिसलं नाही. कॅनबेरावाल्यांनी निदान सगळ्यांना बघायला ठेवलंय.

सराफ्यातला_भटक्या | मंगळवार, संध्याकाळी ७:२०

खरंय. आणि तिथेही १९७३ मध्ये हे दोन पक्षी घेतले, त्याच वर्षी जॅक्सन पोलॉक या अमेरिकन चित्रकाराचं एक अमूर्त चित्र १३ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरला घेतलं म्हणून जनतेच्या पैशावरून रण पेटलं होतं. काळी_माती सगळ्या देशांत असतात, असायला हवेत.

सुपारी_कातर | मंगळवार, रात्री १०:४५

इतका वेळ नुसता वाचत होतो. मूळ प्रश्नावर कुणी फारसं आलं नाही म्हणून लिहितो. मी अडकित्ते जमवतो. ब्रांकुशीच्या शेजारी हे लिहिताना लाज वाटते, पण जमवणाऱ्याचा रोग एकच असतो.

सुरुवातीला मी वेगवेगळे घ्यायचो. मोराचा, घोड्याचा, बाईच्या आकाराचा, घुंगरांचा. आल्यागेल्याला दाखवायला मजा यायची. पाचसहा वर्षांनी एक साधा पितळी अडकित्ता मिळाला, काही नक्षी नाही, पण मूठ अशी वळलेली की हातात आपोआप बसावी. त्यानंतर मी तसलेच शोधत गेलो. आज माझ्याकडे जवळजवळ सारखे दिसणारे अकरा आहेत. बायको म्हणते एकच अकरा वेळा आणलात. पाहुण्यांना ते दाखवत नाही, कारण त्यांना काही दिसत नाही. मला मात्र अंधारात हातात दिला तरी कोणता ते सांगता येतं. एकाचा कणा जरा सैल, एकाची वळण घेण्याची जागा अर्धा सूत पुढे.

त्यामुळे भटक्यांचा मुद्दा मला पहिल्या वाक्यातच पटला होता. मिरवणारा वेगळेपणा जमवतो. तोच आकार काळ्यात कसा दिसेल, पांढऱ्यात कसा, ब्राँझमध्ये कसा, हा प्रश्न ज्याला पडतो तो वस्तूत गुंतलेला असतो. काळा उजेड गिळत असणार, पांढऱ्याची कडा धूसर होत असणार, ब्राँझचा आजूबाजूचं सगळं अंगावर घेत असणार. मी एकही पाहिलेला नाही, पण तिन्ही एका पाण्याभोवती हवे होते एवढं कळतं. आता दोन एका खंडात आणि एक दुसऱ्या. हे वाचून मला जे वाटलं ते माझ्या बायकोलाही समजणार नाही.

काळी_माती | मंगळवार, रात्री ११:०५

सुपारी_कातर, तुमचे अकरा तुमच्या पगाराचे आहेत, म्हणून तुम्हाला शंभर गुण. महाराजांना नजरेचे देतो. बाकीचे कापून घेतले.

अर्धा_कप | मंगळवार, रात्री ११:०८

४० टक्के का?

सराफ्यातला_भटक्या | बुधवार, सकाळी ६:३०

सुपारी_कातर, काळा उजेड गिळत नाही हो. मलाही आधी तसंच वाटलं होतं. काळ्याच्या कडेने उजेडाची एक बारीक उभी रेघ धावते, पायापासून शेंड्यापर्यंत, आणि आपण सरकलो की ती सरकते. विरघळतो तो पांढरा. पाऊण तासातली शेवटची वीस मिनिटं मी नुसता बाकावर इकडून तिकडे सरकत होतो.

चलन_पावती, पुढच्या वेळी माणिकबागेत जाल तेव्हा दुपारी बाराला कुठल्या खिडकीतून ऊन आत येतं तेवढं बघून ठेवा. आणि त्या अकरा अडकित्त्यांचे फोटो टाका कुणीतरी मागे लागून.

सुपारी_कातर | बुधवार, सकाळी ६:५०

टाकतो. पण सगळे सारखेच दिसतील हां, आधीच सांगून ठेवतो.